लाइन गेली, विहीर भरलेली, टाकी रिकामी

पत्र थोडक्यात: पूर्व नागपुरातल्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या ५४ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरात पाच माणसं: त्या, यजमान, मुलगा, सून आणि मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर असलेल्या ८१ वर्षांच्या सासूबाई. अंगणात आजेसासऱ्यांनी खोदलेली विहीर आहे, ४० फूट खोल आणि ६ फूट रुंद. भर मे महिन्यात पाणी ३० फुटांवर जातं, पण आटत नाही. दहा वर्षांपूर्वी रहाट काढून विहिरीवर स्लॅब टाकला आणि आत १ एचपीची सबमर्सिबल मोटर सोडली. गेल्या जूनमध्ये वादळात झाड पडलं आणि लाइन तीस तास आली नाही. गच्चीवरची हजार लिटरची टाकी रोज संध्याकाळी भरायची सवय, त्यामुळे वादळ आलं तेव्हा ती तळाला गेलेली. सासूबाईंची स्वच्छता करायला शेजाऱ्यांकडून बादल्या मागाव्या लागल्या. आता मुलगा म्हणतो जनरेटर घेऊ. यजमान म्हणतात सूर्यघर योजनेत सोलर बसवतोच आहोत, मग लाइन गेली तरी मोटर चालेल. सासूबाई म्हणतात रहाट परत लावा. दीर म्हणतात, विहीर बुजवून गाडीला जागा करा. ताई विचारतात: “या काळात पुन्हा दोरीनं पाणी ओढायचं का? आणि खरं सांगू, रहाट लावला तर ओढणार मी आणि सून. काय करावं?”

ताई,

तुमच्या घरातला वाद यंत्रांचा आहे, पण मी आधी टाकीपाशी थांबेन. शहरी घराला माणशी दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडचा रूढ मापदंड धरला तरी पाच जणांचे ६७५ लिटर होतात. म्हणजे त्या दुपारी टाकी भरलेली असती, तर नेहमीसारखं वापरूनही ते तीस तास निघाले असते. जूनमधली आपली वादळं बहुतेक दुपार कलल्यावर येतात, आणि तुमची टाकी नेमकी तेव्हाच रिकामी होत आलेली असते. म्हणून पहिला बदल फुकटातला: टाकी सकाळी भरा, आणि अर्धी झाली की पुन्हा भरा. आभाळ भरून आलं, वारं सुटलं, की घरात जो असेल त्यानं आधी मोटरचं बटण दाबायचं.

दुसरा बदल एका प्लंबरच्या एका दिवसाचा आहे. टाकीचा नेहमीचा आउटलेट तळापासून काढून एक-तृतीयांश उंचीवर घ्या, आणि तळाशी वेगळा कॉक ठेवा. जुन्या मोटरसायकलला रिझर्व्हचा कॉक असायचा तसंच हे. वरच्या नळाचं पाणी बंद झालं की घराला कळतं, आता राखीव तीनशे-सव्वातीनशे लिटर उरलं आहे, जपून वापरा. आठवड्यातून एकदा खालचा कॉक उघडून ते पाणी वापरून टाका, म्हणजे तळाशी गाळ बसत नाही. दुसरी टाकी वाढवायचा विचार असेल तर हजार लिटर म्हणजे एक टन वजन, हे लक्षात ठेवून ती पिलर-बीमच्या डोक्यावरच बसवा. सासूबाईंच्या खोलीलगत, खाली, झाकणाचा २०० लिटरचा एक ड्रमही ठेवा.

एवढ्यानं तुमचा गेल्या वर्षीचा प्रसंग टळला असता. पण लाइन दोन-तीन दिवस आली नाही तर काय, हा प्रश्न उरतोच. त्या दिवशी विहिरीतून नक्की किती पाणी लागेल? आपत्तीच्या मदतकार्यात माणशी किमान १५ लिटर धरतात. तुम्ही माणशी ४० धरा, सासूबाईंसाठी वेगळे १०० धरा. लाइन नसली की कूलर बंद, म्हणजे तेवढं पाणी वाचतं. पण त्याच उकाड्यात आजारी माणसाचं अंग चारदा पुसावं लागतं. एकूण ३०० लिटर. हा आकडा एका कागदावर लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे. तुम्हा सगळ्यांच्या मनात एक गोष्ट धरून चाललेली आहे की लाइन गेली तरी ती १ एचपीची मोटर कशीही करून चाललीच पाहिजे. मला ते पटत नाही. चालायला पाहिजे ते घर, आणि त्याला ३०० लिटर पुरतात.

आता थोडं गणित करू, कारण त्यानं बरीच भीती जाते. पाणी ३० फूट खाली, टाकी जमिनीपासून २५ फुटांवर धरली तर एकूण ५५ फूट चढ. हजार लिटर पाणी एवढं वर चढवायला लागणारी ऊर्जा ०.०५ युनिटपेक्षाही कमी आहे. लहान पंप निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया घालवतात हे धरलं तरी पाव युनिटच्या आत काम होतं. म्हणजे अडचण विजेच्या प्रमाणाची नाही. १ एचपीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि तो धक्का घरातल्या पंखे-दिव्यांच्या इन्व्हर्टरला झेपत नाही. अडचण ती आहे. सध्याची मोटर जळाली किंवा थकली, की तिच्या जागी अर्ध्या एचपीची घ्या. टाकी भरायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच. त्यानंतर कुठलाही पर्यायी जुगाड निम्म्या आकाराचा होतो, आणि मे महिन्यात विहिरीत पाणी कमी असताना मोटर कोरडी चालायचा धोकाही कमी होतो.

यजमानांचा गैरसमज मात्र लगेच दूर करा, कारण त्यात पैसे अडकणार आहेत. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत लोक सहसा बसवतात ती सोलर यंत्रणा ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेली असते, बॅटरी नसलेली. तिचं वीजबिल कमी करण्याचं काम उत्तम आहे; ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदानही आहे. पण ग्रिडची लाइन गेली की ही यंत्रणा स्वतःहून बंद होते. भर दुपारी, डोक्यावर ऊन असतानासुद्धा. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे: खांबावर दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून. लाइन नसताना मोटर चालवायची असेल तर बॅटरी आणि बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. म्हणून सोलरवाल्याला एकच प्रश्न लेखी विचारा: “ग्रिड बंद असताना माझी विहिरीची मोटर या यंत्रणेवर सुरू होईल का?” आणि उत्तरही लेखी घ्या.

याहून साधा एक सोलर मार्ग आहे. लहान डीसी पंप, त्याचा कंट्रोलर आणि दोन-तीन पॅनल, ग्रिडशी काही संबंध नाही. हा पंप हळूहळू वेग घेतो, सुरू होताना धक्का मारत नाही. ऊन असेल तेव्हा टाकी भरते, बॅटरीची गरजच नाही, कारण साठवायचं ते आपण पाण्याच्या रूपात गच्चीवर साठवतो. आभाळ असलं तर पंप रडतखडत चालतो, पण जूनच्या वादळानंतर दुसऱ्या दिवशी आपल्याकडे बहुतेकदा ऊन पडतंच. पुढे मोटर बदलायची वेळ येईल तेव्हा याचा जरूर विचार करा. सरकारी सौर कृषी पंपाच्या योजना शेतकऱ्यांसाठी आहेत, घरच्या विहिरीला त्या लागू होत नाहीत. त्या आशेवर थांबू नका.

जनरेटरबद्दल मुलाला दुखवायचं नाही, पण वर्षातून एखाददोन वेळा अर्धा तास चालवायला यंत्र पाळणं मला महाग वाटतं. पेट्रोल काही महिन्यांत खराब होतं, यंत्र दर महिन्याला चालवून बघावं लागतं, आणि ज्या दिवशी लागतं त्याच दिवशी कार्ब्युरेटर अडतो. दुकान असेल, घरात ऑक्सिजनचं मशीन असेल, तर गोष्ट वेगळी. घ्यायचाच असेल तर दोन-तीन घरांत मिळून घ्या. चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय तो घराच्या वायरिंगला जोडू नका, नाहीतर तुमची वीज उलट खांबावर जाते. आणि तो व्हरांड्यात किंवा पोर्चमध्ये लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तुमच्या घरात एक माणूस उठून बाहेर येऊ शकत नाही.

याच धोक्याचं दुसरं रूप विहिरीपाशी आहे, आणि त्याबद्दल मला सगळ्याच वाचकांशी कळकळीनं बोलायचं आहे. वर ठेवलेला साधा पंप पाणी ‘ओढतो’ म्हणजे नळीतली हवा काढतो; पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. तो दाब फार तर १० मीटर पाणी तोलू शकतो, आणि प्रत्यक्षात २० ते २५ फुटांच्या पुढे वरचा पंप दम सोडतो. पाणी याच्याही खाली गेलं की लोक पेट्रोल किंवा डिझेल पंप दोरानं विहिरीत, पाण्याजवळच्या कठड्यावर उतरवतात. विहिरीत वारा नसतो. धूर तिथेच साठतो. पंप बंद करायला उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि एका घरातली दोन-तीन माणसं जातात. इंजिन विहिरीच्या आत कधीही उतरवू नका. गाळ काढायला किंवा पाइप बसवायलासुद्धा, अनुभवी माणसं, कमरेला दोर आणि वर ओढणारे हात असल्याशिवाय कुणाला आत सोडू नका. बंद विहिरीत नुसत्या हवेतही ऑक्सिजन कमी असू शकतो.

आता हातानं चालणारे पर्याय. तुम्ही विचारलंत, “या काळात पुन्हा दोरीनं?” त्या प्रश्नात थोडी लाज आहे, म्हणून सांगते: लाइन नसताना स्वतःच्या विहिरीचं पाणी स्वतःच्या हातानं काढता येणं यात कमीपणा काहीच नाही. शेजाऱ्याकडे बादली मागायला तुम्हाला जे वाटलं ते त्याहून जड होतं, हे तुमच्याच पत्रात आहे.

पण तुमची दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटली: ओढणार मी आणि सून. हा प्रश्न यंत्र निवडण्याआधीचा आहे. म्हणून मी असा पर्याय सुचवते ज्यात काम वाटता येतं. रहाटानं ३०० लिटर म्हणजे १० लिटरच्या ३० बादल्या, प्रत्येक ३० फुटांवरून. नुसती कप्पी लावली तर ओझं कमी होत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते. रहाटाला मोठं चाक किंवा हँडल असतं म्हणून तो हलका जातो. शिवाय तुम्हाला स्लॅब फोडून तोंड उघडावं लागेल, कमरेएवढा कठडा, कुलूपबंद जाळी आणि डासांसाठी बारीक जाळी लावावी लागेल. आत सबमर्सिबलचा पाइप आणि केबल आहेच. बादली त्यात अडकते. ज्यांच्या विहिरी आजही उघड्या आहेत त्यांनी रहाट जरूर ठेवावा: मोटरचा पाइप एका बाजूला क्लॅम्पनं बांधून, बादली सोडण्यापूर्वी मोटरचा मेन बंद करून, हाताला न कापणारा जाड दोर वापरून, आणि पडलेली बादली काढायचा गळ शेजारी टांगून. तुमच्या बंद विहिरीला मात्र मी हापशी सुचवेन, ज्याला आपल्याकडे बरेच जण बोरिंगच म्हणतात.

हापशीतही दोन जाती आहेत, आणि दुकानदार कोणती देतो हे बघा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ओतीव लोखंडाची लहान हापशी वरून ओढते, म्हणजे तिला तीच २०–२५ फुटांची मर्यादा. पावसाळ्यात ती छान चालेल आणि मे-जूनमध्ये, नेमकी गरज असताना, नुसती हवा खाईल. तुम्हाला हवी ती सिलिंडर, म्हणजे पाणी उचलणारा भाग, पाण्यात बुडलेला असतो ती, गावोगावच्या चौकात दिसणाऱ्या इंडिया मार्क टू जातीची. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं घडलेल्या या पंपाचा पाया आपल्या सोलापुरात तयार झालेला पंप होता, आणि तो रोज शेकडो हातांनी वापरला जाईल हे धरूनच बनवलेला आहे. नीट चालवला तर मिनिटाला साधारण १२ लिटर देतो. म्हणजे तुमचे ३०० लिटर पंचवीस मिनिटांत. चार धडधाकट माणसांत वाटले तर प्रत्येकाला सहा-सात मिनिटं. बादल्या वाहून ड्रम भरायचं काम मुलाचं आणि यजमानांचं, हे हापशी बसवण्यापूर्वी, सगळे जेवायला बसलेले असताना ठरवून टाका. नंतर ठरत नाही.

बसवताना काही गोष्टी सांभाळा. स्लॅबला हापशीचा भार आणि दांड्याचे धक्के झेपतील का, हे इंजिनिअरला दाखवा. सिलिंडर तळापासून तीन-चार फूट वर ठेवा, म्हणजे गाळ ओढणार नाही. तुमच्या विहिरीत तो ३६–३७ फुटांवर येईल. वर सावली करा, नाहीतर मे महिन्यात लोखंडी दांड्याला हात लावता येणार नाही. पाण्याला उतार देऊन ते विहिरीपासून दूर काढा, सांडलेलं पाणी परत आत मुरता कामा नये. आणि बसवून विसरू नका. लोखंडी पाइपचं पहिलं पाणी गंजाचं येतं, साखळी ग्रीसशिवाय कुरकुरते. रविवारी अंगणातल्या झाडांना पाणी हापशीनंच घालायचं असा नेम ठेवा. म्हणजे बिघाड वादळाच्या दिवशी नाही, साध्या रविवारी कळेल.

ज्यांच्याकडे विहीर नाही, दीड-दोनशे फुटांचं बोअर आहे, त्यांना हातानं काढणं सोपं नाही. मोटर आत असताना बोअरमध्ये दुसऱ्या पाइपला जागाही नसते. त्यांनी टाकीतला राखीव साठा दुप्पट करावा आणि लहान मोटरचा विचार करावा. नळाच्या पाण्यावरही पूर्ण भिस्त नको. पेंच आणि कन्हान नद्यांचं पाणी आपल्या वस्तीपर्यंत येतं त्याच्या वाटेतही पंपच आहेत.

प्यायच्या पाण्याबद्दल: जुन्या वस्तीत विहिरीशेजारून गटारं जातात. विहिरीचं पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या, जंतूंसाठी आणि नायट्रेटसाठीही, कारण नायट्रेट उकळून जात नाही. तोवर ते वापरायलाच ठेवा, आणि प्यायला वेगळं पाणी भरून ठेवा. विहीर शुद्ध करायची तर १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून, वरची निवळी आत सोडायची आणि किमान तासभर पाणी काढायचं नाही. किती टाकायची हे विहिरीत किती पाणी आहे यावर ठरतं. तुमच्या ६ फूट रुंदीच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८०० लिटर. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं, तो दिवस आठवा. अशा पुरात लाइनही जाते आणि विहीरही घाण होते. तेव्हा हापशी किंवा रहाट काही उपयोगाचा नाही, गच्चीवरचं राखीव पाणीच कामाला येतं. पूर ओसरल्यावर विहीर उपसून, शुद्ध करून, तपासूनच वापरायची.

दिरांना हाच ८०० लिटरचा हिशोब दाखवा. मे महिन्यात पाणी ३० फुटांवर आणि तळ ४० फुटांवर, म्हणजे शहरातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत तुमच्या अंगणात आठ हजार लिटर पाणी उभं असतं. ते बुजवून गाडी लावू नका. उलट गच्चीचं पावसाचं पाणी, पहिले दोन-तीन पाऊस सोडून, गाळून विहिरीत सोडा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून नागपूरच्या एका पावसाळ्यात सत्तर-ऐंशी हजार लिटर पाणी मिळू शकतं.

सासूबाईंचं रहाटाचं म्हणणं मी मानलं नाही, पण त्यांना विचारल्याशिवाय हापशीची जागा ठरवू नका. ज्यांनी ती विहीर वर्षानुवर्षं ओढली त्यांना झरा कुठल्या अंगाला आहे, वाईट सालात पाणी कुठवर गेलं होतं, गाळ शेवटचा कधी काढला, हे माहीत असतं. हे मेकॅनिकला कळणार नाही. काम मे महिन्यात, रोहिणी लागायच्या आत उरका. पाणी सगळ्यात खाली असताना सिलिंडरची खोली बरोबर ठरते, आणि जूनची वादळं सुरू व्हायच्या आधी हापशी दोन-चार रविवार चालून झालेली असते.